स्टँडबाय विजेला कायद्याने मर्यादा घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रात्री घरातली सगळी झोपल्यावर मी बॅटरी घेऊन जिन्याखालच्या मीटरसमोर उभा राहिलो. दिवे, पंखे, टीव्ही बंद होते. फ्रिजचा प्लग काढला होता, राउटर आणि इन्व्हर्टरही बंद केले होते. तरी मीटरचा लाल दिवा दर ४५ सेकंदांनी लुकलुकत होता. आमच्या मीटरवर छापल्याप्रमाणे हा दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होते. तासाला ८० वेळा, म्हणजे २५ वॉट. कोणी काहीही वापरत नसताना महिन्याला १८ युनिट आणि वर्षाला २१९! उपकरण ‘बंद’ दिसते, पण प्लग चालू असल्याने ते आतून वीज खातच राहते, तीच ही स्टँडबाय वीज.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा विषय शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे पुढचा शोध घेणे अवघड नव्हते. प्लगमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर घेऊन एकेक उपकरण तपासले. सगळ्यात मोठे चोर निघाले आमचे दोन सेट टॉप बॉक्स. चालू असताना प्रत्येकी ९ वॉट, आणि रिमोटने ‘बंद’ केल्यावर ८. हिरवा दिवा लाल होतो, एवढाच काय तो फरक. पहाटे पाच वाजता बॉक्सवर हात ठेवून पाहा, गरम लागतो. एसीचा स्टॅबिलायझरही तसाच कोमट असतो, भर पावसाळ्यातसुद्धा. उरलेले दोन-तीन वॉट मायक्रोवेव्हचे घड्याळ, टीव्ही आणि वॉशिंग मशीन मिळून खातात. ज्या मोबाइल चार्जरवरून आपण मुलांना रोज रागावतो, तो फोन न लावता नुसता अडकवला असताना माझ्या वॉटमीटरवर जवळजवळ शून्य दाखवतो.

यावर ‘भिंतीवरचे बटण बंद करा’ हा सल्ला ठरलेला. आपल्याकडे प्रत्येक प्लगशेजारी बटण असते, ही खरोखर चांगली सोय. पण आता दिवाणखान्यात सुताराकडून टीव्ही युनिट करून घेतले की ती बटणे प्लायवूडच्या मागे जातात. आमची आई ब्याऐंशी वर्षांची आहे. वाकून, युनिटच्या मागे हात घालून तिने रोज रात्री बटण बंद करावे, असे मी तिला सांगू शकत नाही. शिवाय बटणावरून बंद केलेला बॉक्स सकाळी पुन्हा लावला की चॅनल दिसायला दोन-तीन मिनिटे जातात. सकाळच्या आरतीची वेळ चुकली की ती दिवसभर हळहळते. बरे, हा बॉक्स आम्ही दुकानात चार पाहून निवडलेला नाही. सेवा देणाऱ्याने दिला तो लावला. निवड त्याची आणि विजेचे बिल आमचे, मग कमी वीज खाणारा बॉक्स देण्याची त्याला गरजच काय?

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की हा प्रश्न ग्राहकाच्या सवयीवर सोडून सुटणार नाही. तो कारखान्यात सुटतो, आणि कारखान्याला कायदाच लागतो. युरोपीय संघाने २००८ मध्ये नियम केला. २०१० पासून घरगुती आणि कार्यालयीन उपकरणांना स्टँडबायमध्ये १ वॉटची मर्यादा आली, २०१३ पासून ती अर्ध्या वॉटवर आणली. घड्याळ किंवा माहिती दाखवणाऱ्या उपकरणांना थोडी सवलत ठेवली. तिथल्या आजीबाईंना वाकावे लागले नाही, उपकरणाच्या आतला वीजपुरवठ्याचा भाग सुधारला गेला. जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर प्लग लावल्यापासून तापत राहतो. त्याच्या जागी चांगले स्विचिंग सर्किट बसवले की गरज नसताना तो भाग जवळजवळ झोपी जातो. दक्षिण कोरियाने तर मर्यादा न पाळणाऱ्या उपकरणांवर इशाऱ्याचे लेबल सक्तीचे केले.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे. त्याच्या कलम १४ नुसार केंद्र सरकार उपकरणांच्या वीजवापराचे मानक ठरवू शकते आणि ते न पाळणाऱ्या मालाची विक्री थांबवू शकते. ऊर्जा दक्षता ब्युरोची, म्हणजे बीईईची, स्टार लेबले २००६ पासून आहेत. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू करताच २४ अंशांवर लागले पाहिजेत, असा नियमही झाला. ग्राहकाला उपदेश न करता यंत्रातच बदल केला, हेच मला म्हणायचे आहे.

आता याच एसीचे लेबल पाहा. त्यावरचे वर्षाचे युनिट १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. वर्षाचे तास ८७६०. उरलेल्या ७१६० तासांचे काय? आपल्या नाशिकमध्ये तर एप्रिल-मेच्या रात्री सोडल्या तर एसी फारसा लागतही नाही. भिंतीवर तो वर्षभर असतो, प्लगही बहुधा चालूच. दिवाळीत महात्मा गांधी रोडवर टीव्ही घ्यायला गेलो तेव्हा ‘स्टँडबायला किती वॉट?’ असे विचारले. विक्रेत्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, ‘काका, हे कोणी विचारत नाही. खोक्यावर असेल तर बघू.’ आम्ही दोघांनी खोके फिरवून फिरवून पाहिले. आकडा सापडला नाही.

काही वाचक म्हणतील, २५ वॉटने काय होते? महावितरणचे घरगुती ग्राहक दोन कोटींच्या वर आहेत. घरटी दहाच वॉट धरा, तरी २०० मेगावॉट होतात. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राचा एक संच २१० मेगावॉटचा आहे. म्हणजे जवळजवळ एक अख्खा संच रात्रंदिवस कोळसा जाळणार, आणि त्या विजेवर कोणाचा दिवाही लागणार नाही. त्याची राख आणि धूर काय असतो, ते नाशिकरोडच्या लोकांना विचारावे. शिवाय बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा आणि पुढच्यांचा जास्त. ज्या घराचा वापर शंभराच्या आसपास आहे, त्याला हे अठरा युनिट चढ्या दराने पडतात.

तेव्हा केंद्राने सेट टॉप बॉक्ससह सर्व घरगुती उपकरणांना स्टँडबायची मर्यादा सक्तीने घालावी. सुरुवातीला १ वॉटची घातली तरी चालेल. तो आकडा लेबलवर ठळक छापावा. सतत इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांना वेगळी मर्यादा लागेल, ती जरूर वेगळी ठेवावी, पण मर्यादा असावीच.

तोपर्यंत आपल्या महापालिकेला एक गोष्ट उद्याच करता येईल. अमेरिकेत २००१ मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने सरकारी खात्यांना स्टँडबायला १ वॉटपर्यंतचीच उपकरणे खरेदी करायला सांगितले गेले होते. सिंहस्थाच्या तयारीत संगणक, पडदे, एसी जे काही घेतले जाईल, त्याच्या निविदेत ही एक ओळ घालावी.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक, इंदिरानगर, नाशिक