मसल कारसाठी आधी टायर, मग चाक

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाड्यांच्या सजावटीवर आलेला लेख वाचला. मस्टँग, चॅलेंजर आणि कॅमेरो या अमेरिकी मसल कारना, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या ताकदवान गाड्यांना, कंपनीने दिलेल्या चाकांऐवजी बाजारातली मोठी अलॉय व्हील्स बसवली की गाडीचे रूप कसे पालटते, हे त्यात छायाचित्रांसह दाखवले आहे. रूपाबद्दल माझा वाद नाही. परंतु साऱ्या लेखात चाकाचा व्यास किती इंच, यापलीकडे एकाही मापाचा उल्लेख नाही, आणि टायरविषयी तर एक वाक्यही नाही. मी अनेक वर्षे अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो. मोटार उद्योगाच्या या मुलखात नोकरीला आलेली आपली मुले हाती थोडा पैसा आला की हौसेने व्ही-८ इंजिनाची मस्टँग घेतात आणि पहिला खर्च करतात तो चाकांवर. त्यांचे आईवडील महाराष्ट्रात आपले वृत्तपत्र वाचतात आणि मुलेही ते इंटरनेटवर वाचत असतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की अशा गाडीसाठी आधी टायर ठरवावा आणि मग त्या टायरला साजेसे चाक शोधावे. प्रत्यक्षात बहुतेक जण उलटे करतात. दुकानात चाक आवडते, त्यात सगळे पैसे जातात आणि उरलेल्या रकमेत बसेल तो टायर त्यावर चढतो. २०१८ च्या मस्टँग जीटीची ताकद ४६० अश्वशक्ती आहे आणि वजन सुमारे १,७०० किलो. २०१५ मध्ये आलेल्या चॅलेंजर हेलकॅटची ताकद ७०७ अश्वशक्ती आणि वजन दोन टनांच्या घरात. ही सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांतून रस्त्यावर उतरते, आणि प्रत्येक टायरचा तळहाताएवढाच भाग एका वेळी रस्त्याला टेकलेला असतो. गाडी थांबणे, वळणे, पावसात सरळ राहणे हे सारे त्या चार तुकड्यांच्या हाती असताना टायरवर काटकसर करणे मला कधीच पटलेले नाही.

आता मापांकडे वळतो. २०१५ च्या मस्टँग जीटीला परफॉर्मन्स पॅकसोबत (कंपनीच्याच वाढीव साहित्याच्या संचासोबत) पुढे २५५/४० आर १९ आणि मागे २७५/४० आर १९ हे टायर येत. यातला २५५ हा आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ४० म्हणजे त्या रुंदीच्या ४० टक्के उंचीची साइडवॉल आणि १९ हा चाकाचा इंचातला व्यास. म्हणजे पुढच्या टायरची साइडवॉल १०२ मिमी आणि बाहेरचा एकूण व्यास सुमारे ६८७ मिमी. हा बाहेरचा व्यास शक्य तितका तोच ठेवावा लागतो, कारण स्पीडोमीटर, एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाके जागीच फिरू न देणारी यंत्रणा) यांचा हिशेब त्यावर बसवलेला असतो. तो तेवढाच ठेवून वीस इंची चाक घेतले तर २५५/३५ आर २० हा टायर बसतो आणि साइडवॉल ८९ मिमी उरते. बावीस इंची चाक घेतले तर रबराच्या वाट्याला जेमतेम ६४ मिमी येतात. रस्त्याचा दणका झेलायला चाकाच्या धातूच्या आणि खड्ड्याच्या कडेच्या मध्ये तेवढेच काय ते उरते.

मिशिगनमध्ये हिवाळ्याच्या अखेरीस याची प्रचिती येते. डांबराच्या भेगांत शिरलेले पाणी रात्री गोठून फुगते, दिवसा वितळते, आणि हे चक्र चालू राहिले की रस्त्याला तीक्ष्ण कडांचे खोल खड्डे पडतात. कमी उंचीचा टायर अशा खड्ड्यात सापडला की साइडवॉल चाकाची कडा आणि खड्डा यांच्यात चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. चाकालाही बहुधा पोचा किंवा तडा गेलेला असतो. ट्रेडमधल्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या पृष्ठभागातल्या, साध्या पंक्चरसारखी ही गोष्ट नाही, हे मुलांना कुणीतरी आधीच सांगायला हवे.

मोठे चाक म्हणजे अधिक वेगवान गाडी, हा समज तर कंपन्यांनी स्वतःच खोडून काढलेला आहे. डॉजने २०१८ मध्ये चॅलेंजर डीमन आणली ती सरळ रेषेत पाव मैलाच्या शर्यतीसाठी. हेलकॅटला वीस इंची चाके आणि २७५/४० आर २० टायर असताना डीमनला मात्र चारही बाजूंना अठरा इंची चाके आणि ३१५/४० आर १८ टायर दिले गेले. म्हणजे चाक दोन इंचांनी लहान केले आणि साइडवॉल ११० मिमीवरून १२६ मिमीवर नेली. सुटताना इंजिनाची सगळी ताकद एकदम मागे येते, तेव्हा उंच साइडवॉल किंचित दुमडून तो झटका सोसते आणि टायरचा पृष्ठभाग रस्त्याला धरून राहतो. वळणांच्या ट्रॅकसाठी बनवलेल्या शेल्बी जीटी ३५० आर या मस्टँगच्या वेळी फोर्डने दुसरा मार्ग घेतला. चाके एकोणीस इंचीच ठेवली, ती कार्बन फायबरची बनवली आणि त्यांवर पुढे ३०५ व मागे ३१५ मिमी रुंदीचे टायर घातले. चारही चाके मिळून सुमारे २७ किलो वजन वाचले. दोन्ही ठिकाणी अभियंत्यांनी पैसा आणि बुद्धी खर्च केली ती रबर आणि वजन यांवर. चाकाचा व्यास वाढवून दाखवण्याचा मोह त्यांना पडला नाही.

वजनाचा मुद्दा थोडा उलगडून सांगायला हवा. चाक, टायर आणि ब्रेक डिस्क यांचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. ते जितके जास्त, तितके चाक उंचवट्यावरून उडाल्यावर परत रस्त्याला टेकायला वेळ लागतो, आणि उडालेल्या चाकाला पकड नसते. शिवाय चाक फिरवायला आणि थांबवायलाही ताकद लागते, आणि वजन कडेकडे असेल तर ती आणखी लागते. चाक घेताना त्याचे वजन विचारावे. विक्रेत्याला ते सांगता येत नसेल तर दुसरीकडे जावे. साध्या ओतकामाची चाके स्वस्त आणि जड असतात. फ्लो फॉर्मिंगमध्ये ओतलेल्या चाकाची कड तापवून रोलरखाली दाबत पसरवतात, त्यामुळे कमी धातूत मजबुती मिळते. घडीव, म्हणजे फोर्ज्ड, चाके सर्वांत मजबूत आणि महाग. रोजच्या वापराच्या मस्टँगला एकोणीस इंची फ्लो फॉर्म्ड चाके पुरेशी होतात, असे माझे मत आहे. चाकावर कोरलेली भारक्षमता दाराच्या खांबावरील पट्टीत दिलेल्या त्या आसावरच्या कमाल भाराच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. नामांकित चाकांच्या हुबेहूब नकला निम्म्या किमतीत मिळतात, पण ज्यांवर भारक्षमताही नाही आणि जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए यांसारखी चाचणीची खूणही नाही, अशी चाके दोन टनांच्या गाडीला लावू नयेत.

यानंतर येते चाक गाडीला नीट बसते की नाही हा प्रश्न, आणि दुकानदाराचे ‘बसतंय हो’ हे उत्तर इथे सर्वांत घातक ठरते. तिन्ही गाड्यांच्या प्रत्येक चाकाला पाच नट आहेत, पण नटांच्या वर्तुळाचा व्यास मस्टँगला ११४.३ मिमी, चॅलेंजरला ११५ आणि सहाव्या पिढीच्या कॅमेरोला १२० आहे. पहिल्या दोहोंतला फरक पाऊण मिलिमीटरही नाही, म्हणून मस्टँगची चाके चॅलेंजरवर नट आवळून बसवलेली पाहायला मिळतात. अशा वेळी स्टड, म्हणजे नट ज्यांवर चढतात ते बोल्ट, किंचित वाकून राहतात, नटाची शंकूसारखी बैठक एका बाजूनेच टेकते, टॉर्क रेंच (नट किती आवळला ते मोजणारा पाना) आकडा बरोबर दाखवतो पण चाक खऱ्या अर्थाने आवळलेले नसते, आणि काही काळाने नट सैल होतात किंवा स्टड तुटतात. हबचे, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या गाडीच्या मधल्या गोल भागासाठीचे, भोकही तपासावे. मस्टँगच्या हबचा व्यास सुमारे ७०.५ मिमी आहे. बाजारातल्या चाकांचे भोक पुष्कळदा त्याहून मोठे असते, तेव्हा मधली जागा भरणारी नेमक्या मापाची रिंग घातली नाही तर चाक केंद्रात बसत नाही आणि वेग वाढला की सुकाणू थरथरते. तसेच ज्या मस्टँगला ३८० मिमीच्या पुढच्या डिस्क आणि सहा पिस्टनचे कॅलिपर (डिस्क आवळून धरणारे ब्रेकचे भाग) आहेत, तिला प्रत्येक अठरा इंची चाक चालत नाही. एखाद्याचा आरा कॅलिपरला घासतो.

ऑफसेटकडे तर कोणी पाहतच नाही. चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर दूर आहे, ते हे माप. मस्टँगच्या परफॉर्मन्स पॅकच्या पुढच्या नऊ इंच रुंद चाकाचा ऑफसेट अधिक ४५ आहे. त्याऐवजी कोणी साडेनऊ इंच रुंदीचे, अधिक २० ऑफसेटचे चाक घेतले तर त्याची बाहेरची कड मूळ जागेपेक्षा सुमारे ३१ मिमी बाहेर येते. गाडी उभी असताना हे देखणे दिसते. मात्र गाडी भरून खड्ड्यात दबली की टायर फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, घासतो, बेअरिंगवरचा भार वाढतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक चाकोरीमागे सुकाणू ओढ घेऊ लागते. उलट चाक फार आत गेले तर ते सस्पेन्शनच्या स्ट्रटला, म्हणजे आतल्या उभ्या दांड्याला, लागते.

टायरचा प्रकार निवडताना आपण राहतो त्या ठिकाणचे हवामान पाहावे. उन्हाळी, म्हणजे समर टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागते आणि त्याची पकड जाते. पाणी गोठवणाऱ्या थंडीत गाडी चालवली किंवा टायर नुसते तिथे ठेवले तरी ट्रेडला तडे जाऊ शकतात, असा इशारा टायर कंपन्या स्वतः देतात. एप्रिलमध्ये गाडी घेतलेला मुलगा तेच टायर घेऊन नोव्हेंबरातल्या पहिल्या बर्फाला सामोरा जातो, आणि मागच्या चाकांवर चालणारी साडेचारशे अश्वशक्तीची गाडी चौकात फिरकी घेते. मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क अशा राज्यांत हिवाळी टायरचा वेगळा संच, तोही एक इंच लहान चाकांवर, ठेवणे हाच माझ्या मते योग्य उपाय आहे, अर्थात ते चाक ब्रेकवर बसत असेल तर. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियाच्या उष्ण भागांत समर टायर बराच काळ चालतील. ट्रॅकसाठीचे, कमी खाचांचे टायर मात्र पावसाळी रस्त्यावर पाण्यावर तरंगू लागतात, म्हणून रोजच्या गाडीला ते नकोत. मापाच्या पुढचा भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे नसावे. भारांक ९६ म्हणजे एका टायरमागे ७१० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. डब्ल्यू हे अक्षर ताशी २७० किलोमीटरपर्यंत, वाय ३०० पर्यंत. साइडवॉलवर डॉट या अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते असते. सवलतीत मिळणाऱ्या टायरवर ते हमखास पाहावेत.

अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीला टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा बंधनकारक आहे. नव्या चाकांत तिचे सेन्सर घालून घ्यावेत. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा कायमचा जळत ठेवू नये. मस्टँगचे नट २०४ न्यूटन मीटरला आवळायचे असतात. गॅरेजमध्ये हवेच्या गनने ते कसेही आवळले जातात, म्हणून शेवटचा फेरा टॉर्क रेंचने आपल्यासमोर करून घ्यावा आणि पहिल्या १६० किलोमीटरच्या आत ते पुन्हा तपासावेत.

महाराष्ट्रातही ही गाडी अपरिचित नाही. २०१६ पासून काही वर्षे उजव्या सुकाणूची मस्टँग भारतात अधिकृतपणे विकली गेली, आणि मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ती अधूनमधून दिसते. तिच्या मालकांपुढची अडचण निराळी आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, त्यामुळे परवान्याखेरीज परदेशी टायर आणता येत नाहीत. शिवाय टायरवर भारतीय मानक ब्युरोची खूण लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ स्पष्टपणे कडक लावला आहे. म्हणून तिथल्या मालकांनी मूळ मापाचाच टायर भारतात नियमाने मिळतो का याची आधी चौकशी करावी, तो मिळाल्याची खात्री झाल्यावरच चाकाचा विचार करावा, आणि एक टायर फुटल्यावर ज्या मापाचा दुसरा तिथे मिळणार नाही त्या मापाचे चाक कितीही आवडले तरी घेऊ नये. चाके घेताना पुढील मापांची नोंद पावतीवर करून घ्यावी: चाकाची रुंदी, ऑफसेट, नटांचे वर्तुळ, हबचे भोक आणि भारक्षमता. यांपैकी एकही आकडा लिहून द्यायला विक्रेता तयार नसेल, तर त्याच्याकडून ती चाके घेऊ नयेत.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
मिशिगन, अमेरिका