कुलूपबंद घराला डकवलेली नोटीस

महोदय,

रविवारच्या पुरवणीत ‘सेकंड होम’च्या मालमत्ता कराविषयीचा लेख वाचला. कालचा दिवस गप्प बसलो, पण राहवेना.

शहरातले करसवलतींचे नियम गावातल्या घरालाही लावून लेखकाने महापालिका आणि ग्रामपंचायत एकाच पोत्यात भरल्या आहेत. पुण्यात राहत्या घराच्या करपात्र रकमेवर मिळणारी 40 टक्के सवलत किंवा मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मिळालेली माफी यांचा गावाकडच्या घराशी काडीचा संबंध नाही. गावात 2015 च्या नियमदुरुस्तीपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे घर-जमिनीच्या काढलेल्या किमतीवर बसते. जमिनीचा रेडी रेकनर (सरकारी) दर, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, घराच्या वयानुसार घसारा म्हणजे किमतीतली घट, आणि वापरानुसार गुणायचा भारांक, एवढे त्याचे गणित. पहिले घर की दुसरे, असा रकानाच त्यात नाही. हे सगळे ग्रामपंचायतीच्या ज्या कर-आकारणी नोंदवहीवर उभे आहे त्या नमुना 8 चा मात्र एवढ्या मोठ्या लेखात एकदाही उल्लेख नाही. माझा खरा राग त्यावर आहे, कारण माझे घर त्या एका कागदावर अडकले आहे.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात. वडिलांनी 1968 मध्ये बांधलेले, जांभ्या चिऱ्याचे, कौलारू. 2017 मध्ये आईचे गुडघे गेले. रात्री कंदील घेऊन परसात जाणे तिला जमेना, म्हणून मागच्या पडवीला लागून स्लॅबचे छोटे संडास-न्हाणीघर बांधले. ग्रामपंचायतीला रीतसर कळवून बांधले. आई त्यानंतर तीन वर्षे होती.

2024 च्या गणपतीत नेहमीप्रमाणे पट्टी भरायला गेलो. 30 सप्टेंबरच्या आत भरले की 5 टक्के सूट मिळते, म्हणून मी दर वर्षी गणपतीतच भरतो. आजवर एक रुपया थकवलेला नाही. आदल्या वर्षी 240 रुपये होते, या वेळी हातात 1,890 ची पावती. नमुना 8 चा उतारा मागितला. त्यात संपूर्ण घर ‘आरसीसी’, म्हणजे सिमेंट-सळईचे स्लॅबचे, आणि बांधकामाचे वर्ष 2017! म्हणजे छपराची कौले, चिऱ्याच्या भिंती, घराचे छप्पन्न वर्षांचे वय, सगळे पुसले गेले. घसारा गेला, वर दरही चढला. आरसीसीला हजार रुपये मूल्यामागे 1 रुपया 20 पैसे ते 2 रुपये असा दर आहे, साध्या बांधकामाला तो बराच कमी असतो. दहा पावलांवर घर आहे, येऊन बघा म्हटले, तर उत्तर मिळाले, “आकारणीची यादी बोर्डावर लावली होती. हरकतीची मुदत संपली. तुम्ही तेव्हा यायला हवे होते.”

कसा येणार? बोर्ड गावात आणि मी डोंबिवलीत. चार वर्षांनी एकदा फेरआकारणी होते, ती नेमकी कोणत्या महिन्यात हे मला कोण सांगणार? माझा मोबाइल नंबर गेली कित्येक वर्षे ग्रामपंचायतीच्या वहीत आहे. ग्रामदेवतेच्या पालखीच्या वर्गणीसाठी त्याच नंबरवर न चुकता फोन येतो, आणि मी वर्गणी देतो, मनापासून देतो.

मग पंचायत समितीत अपील केले. अर्जावर डोंबिवलीचा पत्ता ठळक लिहिला, खाली नंबर लिहिला. पाच महिने काहीच कळले नाही. शिमग्याला गेलो तेव्हा ओटीच्या दाराला डकवलेला कागद दिसला, पावसाने निम्मा धुऊन गेलेला. सुनावणीची नोटीस होती. तारीख उलटून गेलेली, आणि मी गैरहजर. घराला दहा महिने कुलूप असते हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ज्याने तो कागद डकवला त्याला ते कुलूप हाताला लागले नसेल का?

पैशांचा प्रश्न नाही. 1,890 रुपये मी भरले आणि यंदाही भरले. पण आईसाठी बांधलेल्या आठ बाय सहाच्या खोलीने वडिलांचे घर कागदावरून नाहीसे झाले, हे मला सहन होत नाही.

त्या पावतीत दिवाबत्ती करही आहे. आमच्या पाणंदीच्या तोंडाशी असलेल्या खांबावर दोन वर्षांपासून दिवा नाही. त्याचा अर्ज वेगळा दिला आहे.

लेखाच्या वर तुम्ही तरणतलाव असलेल्या बंगल्याचे चित्र छापले. कोकणातल्या हजारो चाकरमान्यांची घरे तशी नाहीत. ती गुंतवणूक म्हणून घेतलेली नाहीत, वाडवडिलांची आहेत, आणि गणपती-शिमग्याला उघडतात. अशा वाचकांसाठी एवढे तरी छापा : गावी गेलात की नमुना 8 चा उतारा काढा आणि बांधकामाचा प्रकार, वर्ष, क्षेत्रफळ व वापर हे चार रकाने स्वतः वाचा. वापरापुढे चुकून वाणिज्य लिहिले असेल तर भारांक 1 चा 1.25 होतो. लेखी हरकत द्या, पोच घ्या.

माझे अपील पुन्हा सुनावणीला घ्यावे असा अर्ज मी गेल्या महिन्यात रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे. पत्र छापल्यास त्याचे कात्रण त्याला जोडणार आहे.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)