पहिल्या नांगरटीचा जबाब

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सीमाभागातील गावांच्या इतिहासाविषयी आपल्या दैनिकात अलीकडे जी पत्रे प्रसिद्ध झाली, त्यांत देसगती, देवस्थाने आणि सत्याग्रही यांच्याविषयी पुष्कळ काही आले. परंतु ज्या घरांनी माळ फोडून शिवार उभे केले, त्यांच्याविषयी ओळभरही आढळले नाही. ही उणीव मला एरवी जाणवलीही नसती. गेल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत गेलो असता नेब्रास्का राज्यातील बिॲट्रिस गावाजवळचे एक शेत पाहण्यात आले आणि तेथील एका कागदाने हा विषय डोक्यात घातला, तो अजून निघत नाही.

अध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. सुमारे अठरा डॉलर शुल्क भरून कुटुंबप्रमुखाने १६० एकर सरकारी जमीन मागावी, तेथे घर बांधून पाच वर्षे राहावे, ती कसावी आणि मग ती त्याच्या नावे व्हावी, असा हा व्यवहार होता. १६० एकर म्हणजे ६,४०० गुंठे. बांधावरच्या हातभर जागेसाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचणाऱ्या आम्हां मंडळींना हा आकडा ऐकूनच घेरी यावी. कायदा अमलात आला त्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ रोजी, डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाने अर्ज नोंदवला. पुढे सरकारने १९३६ साली त्याची जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून राखली.

मला खिळवून ठेवले ते स्मारकाने नव्हे, तर पाच वर्षांनंतर दोन शेजाऱ्यांनी दिलेल्या शपथेवरच्या जबाबाने. त्यात लिहिले आहे की, या इसमाचे घर चौदा फूट बाय वीस फूट, एकमजली, काही ओंडक्यांचे व काही फळ्यांचे आहे; त्याला दोन दारे व दोन खिडक्या असून खाली फळ्यांची जमीन आहे; सुमारे पस्तीस एकर नांगरून कुंपण घातले आहे; तबेला, शंभर फूट लांबीची मेंढ्यांची शेड आणि मक्याची कणगी बांधली आहे; सफरचंदाची चाळीस व पीचची सुमारे चारशे झाडे लावली आहेत. दीडशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या घराला खिडक्या किती होत्या, हे आज कोणालाही वाचता येते. माझ्या आजोबांच्या घराला किती होत्या, हे मला सांगता येत नाही.

फ्रीमनला निदान लाकूड मिळाले. त्याच्या पश्चिमेकडे गेलेल्या कुटुंबांपुढे झाड नावाला नसलेला गवताचा समुद्र होता. त्या गवताची मुळे इतकी खोल आणि दाट की पहिल्या नांगरटीला निघणाऱ्या मातीच्या पट्ट्या विटांसारख्या कापून त्यांचीच घरे रचत. पावसात छतातून चिखल ठिबके आणि कधी साप पडे, म्हणून बायका आढ्याखाली कापड ताणून बांधत. जळण म्हणून रानरेड्यांचे आणि पुढे गुरांचे वाळलेले शेण गोळा करीत. आमच्याकडच्या शेणी थापणाऱ्या आयाबायांना हे काही नवल वाटणार नाही. आमच्या पूर्व भागातल्या काळ्या रानात माझ्या आजीची पिढी कुंद्याशी अशीच झुंजली. बेळगावचा कुंदा म्हटले की पाहुण्यांना मिठाई आठवते, पण आम्हांला आधी आठवते ते कंबरभर खोल खणूनही पुन्हा उगवणारे गवत.

त्या चिकट मातीसाठी जॉन डीअर यांनी १८३७ मध्ये इलिनॉय राज्यात घासून गुळगुळीत केलेल्या पोलादी फाळाचा नांगर घडवला. आमच्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराचा ध्यास घेतला तो बेळगावातच. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली ती त्यानंतर. लोखंडाने जमीन नासते, अशी शंका दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी घेतली, असे सांगतात.

मोठा फरक होता तो वस्तीचा. आपले घर गावठाणात आणि शेत शिवारात. दिवसभर राबून संध्याकाळी माणूस माणसांत येतो. तेथे ज्याने त्याने आपापल्या जमिनीवरच राहण्याची अट असल्यामुळे शेजारचा दिवा अर्धा-पाऊण मैलावर. आपल्या पैऱ्यासारखी मळणीच्या वेळची मदत तेथेही होती, पण ती वर्षातून काही दिवसांची. बाकीचे दिवस बाईने वारा ऐकत काढायचे. १८७४ साली टोळधाड आली आणि उभ्या पिकाबरोबर दोरीवरचे कपडेही खाऊन गेली. १२ जानेवारी १८८८ रोजी सकाळी हवा उबदार होती, म्हणून मुले पातळ कपड्यांत शाळेत गेली. नंतर अचानक हिमवादळ उठले आणि घरी परतताना कित्येक मुले वाटेतच गारठून मेली. वादळात मुलांना सोडावे की वर्गात ठेवावे, हा निर्णय एकशिक्षकी शाळेतल्या तरुण शिक्षिकांना एकट्याने घ्यावा लागला. अडतीस वर्षे शाळा चालवलेल्या माझ्यासारख्याला त्या रात्री झोप लागली नाही.

ही जमीन रिकामी होती, असे मात्र कोणी समजू नये. त्या परिसरात ओटो-मिसुरिया लोकांची वस्ती होती आणि १८८१ साली त्यांना दक्षिणेकडे हलवण्यात आले. त्यांच्या घरांच्या खिडक्या कोणी मोजल्या नाहीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते. पीचची झाडे मोजणाऱ्या त्या जबाबात कुटुंबाविषयी एवढेच आहे: ‘पत्नी व दोन मुले’. पत्नीचे नाव नाही. ती ॲग्नेस. तिचे लग्न फ्रीमनच्या भावाशी ठरले होते. तो यादवी युद्धात मरण पावल्यावर फ्रीमनने पत्रांतून तिला मागणी घातली आणि १८६५ मध्ये ती लग्न होऊन आली. या कायद्याखाली अविवाहित किंवा विधवा स्त्रीला स्वतःच्या नावे जमीन मागता येत होती, परंतु नवरा हयात असलेल्या बाईचे नाव कागदावर येण्याचे कारणच नव्हते.

आमच्या उताऱ्याचे तरी वेगळे काय आहे? सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, मातीचा प्रकार, पीक आणि पुरुषाचे नाव. १९५६ पूर्वीचे घरातले कागद मोडीत, आताचा उतारा कन्नडमध्ये, आणि मधल्या मराठीत बोलणाऱ्या पिढीचे काहीच लिहिलेले नाही. विहीर कोणी खणली, पहिली बैलजोडी कोणाच्या डोरल्यावर आली, १९७४ च्या कूळकायद्याच्या वेळी कसलेली जमीन नावावर मागण्याचा सात नंबरचा फॉर्म भरायला कोण कोणाबरोबर गेले, हे जाणणारी माणसे आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून गावोगावच्या वाचनालयांना आणि शाळांना माझी विनंती आहे की, त्यांनी प्रत्येक जुन्या घराचा असा जबाब दोन शेजाऱ्यांच्या साक्षीने लिहून घ्यावा: घर किती खणांचे होते, दारे-खिडक्या किती, माळ केव्हा फोडला, झाडे कोणती लावली, आणि बायकोचे नाव पहिल्या ओळीत. आपल्या दैनिकाने अशा जबाबांसाठी आठवड्यातून अर्धा रकाना दिल्यास उपकार होतील.

मी स्वतः दोनशे पानी वही घालून सुरुवात केली आहे. पहिल्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या एका आजींपुढे बसलो, तेव्हा त्यांनी मलाच विचारले, “नाव कुठलं घालायचं की गुर्जी? म्हायारचं का हितलं?” मी दोन्ही लिहून घेतली.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ता. बेळगाव