गौरीच्या जेवणाचं वेळापत्रक

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणाचा सगळा स्वयंपाक आठवडाभर आधी करून फ्रीझरमध्ये ठेवा, असा सल्ला आपल्या पुरवणीत गौरीपूजनाच्या दिवशीच वाचला. मी पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत, टाइमकीपर होतो. २००७ साली तिची पीएमपी झाली, तेव्हाही डेपोतच होतो. वेळापत्रकाचं महत्त्व मला कोणी सांगायला नको. पण आधी काय उरकावं आणि कशाला हात लावू नये, हे त्या लेखात कुठेच नव्हतं. शिवाय सगळ्या सूचना 'गृहिणींनो' म्हणून. घरातले बाप्ये काय नुसते ताटावर बसायला?

आमच्याकडे पूजनाला पंचवीस-तीस पानं उठतात. ज्येष्ठा नक्षत्र काही रविवार बघून येत नाही, त्यामुळे मुलाला-सुनेला रजा मिळेलच असं नाही. म्हणून यादी आधीच दारामागे चिकटवलेली असते, नावांसकट. गोडा मसाला उन्हाळ्यातच झालेला असतो. वेलची-जायफळाची पूड, चिरलेला गूळ, दाण्याचं कूट आठवडाभर आधी. पंचामृत दोन दिवस आधीच करावं. चिंचगुळात मिरच्या आणि खोबऱ्याचे काप मुरले की त्याला खरी चव येते. अळूवडीचे उंडे आदल्या रात्री उकडायचे, सकाळी कापून तळायचे. गवार-घेवडा निवडणं माझ्याकडे आणि मुलाकडे, टीव्हीपुढे बसून. 'शिरा काढा नीट' असं आतून ऐकू येतं, ते ऐकून घ्यायचं.

पुरणाचं तंत्र वेगळं. डाळ शिजवून, कट काढून, गूळ घालून चटका दिला की गरम असतानाच यंत्रातून काढावं. गार झालं की यंत्र फिरता फिरत नाही. म्हणून हे काम मुलाकडे. घट्ट आटवलेलं पुरण फ्रीजमध्ये दोन दिवस सहज टिकतं. किलोभर डाळीच्या ३५-४० पोळ्या होतात, त्या हिशेबाने पाहुण्यांचं पुरण आदल्या रात्रीच होतं. नैवेद्याचं वाटीभर मात्र पूजेच्या सकाळी, सोवळ्यात. आईचा नियम सौ.ने मोडलेला नाही आणि मी त्यात तोंड घालत नाही. कट तसाच ओट्यावर ठेवू नये, भाद्रपदातल्या दमट हवेत आंबतो. रात्रीच आमटी करून, निववून फ्रीजमध्ये टाकावी. दुसऱ्या दिवशी ती जास्तच छान लागते.

काकडीची कोशिंबीर, भजी आणि पोळ्या मात्र ज्या त्या वेळीच. कोशिंबिरीला आधी मीठ लावलंत तर वाढेपर्यंत नुसतं पाणी. गोठवलेल्या पुरणपोळ्या पुन्हा तव्यावर टाकल्या की कडा वातड होतात. ज्यांना चालतात त्यांनी खुशाल खाव्यात.

पेठेत न राहणाऱ्यांच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे रस्ते. गणपतीत संध्याकाळी शिवाजी रस्त्यावरून गाडी येणार कशी? तेव्हा पंगत दुपारीच. केळीची पानं आदल्या सकाळी मंडईतून आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावीत. पूजनाच्या दिवशी गेलात तर गर्दीत तास मोडतो आणि वर विक्रेता म्हणेल तो भाव.

पुढच्या वर्षी हे पान पिठोरी अमावास्येच्या आत छापावं, ही विनंती. गौरी घरात आल्यावर पुरवणी उघडायला सवड कोणाला?

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर
सदाशिव पेठ, पुणे ३०