बाबांच्या दुसऱ्या दुखण्याविषयी

ग्लासगो,
१२ डिसेंबर

तीर्थरूप बाबांच्या चरणी सादर नमस्कार.

गावात आशाताईंनी तपासले तेव्हा तुमचा रक्तदाब वाढलेला निघाला, आणि "आधी शुगर झाली, आता बीपी, साठीत हे चालायचंच," असे म्हणून तुम्ही विषय संपवला, हे आईने फोनवर सांगितले. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

बाबा, एका जुनाट दुखण्यामागून दुसरे येते हे खरे. पण ते केव्हा येते हे एकट्या वयावर ठरत नाही. स्कॉटलंडमधील सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, सर्वांत गरीब वस्त्यांतील लोकांना दोन किंवा अधिक आजार सुखवस्तू वस्त्यांपेक्षा १० ते १५ वर्षे आधीच गाठतात. इथे रुग्णसेवा करताना मी ते रोज पाहते आणि मला आपलेच गाव आठवते: कर्जाचा घोर, नापिकीच्या वर्षी आतल्या आत खचत जाणारे मन, आणि भूक मारण्यासाठी तोंडात धरलेला खर्रा.

तुमच्या जागरणाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून चाललेल्या अभ्यासात, पन्नाशीत रात्री ५ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना, ७ तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत, पुढे एकाहून अधिक आजार जडण्याचा धोका सुमारे ३० टक्के अधिक आढळला. झोप उडणे हे कधी आजाराचेच लक्षण असते, म्हणून सारा दोष जागरणाला देता येणार नाही. तरीही वीज रात्री येते म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला तुम्ही आठवडाच्या आठवडा बांधावर काढता, हे मला सोसवत नाही.

शुगर आणि रक्तदाब दोन्ही मिळून मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्या झिजवतात, आणि बराच काळ काहीच दुखत नाही. बरे वाटते म्हणून गोळी सोडली की तिसऱ्या दुखण्याची वाट मोकळी होते. तेव्हा या आठवड्यात आरोग्य केंद्रात जाऊन लघवीतील प्रथिने तपासून घ्या. खर्रा सोडणे कठीण आहे हे मी जाणते. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. रात्रीच्या ओलिताची पाळी दादाने घ्यावी, असे मी त्याला वेगळे लिहिले आहे. गडी लावावा लागला तर मजुरी मी पाठवीन. तुम्ही नाही म्हणू नका.

आईस नमस्कार.

तुमची लेक