पाणी ९८ अंशांवर उकळलं तर लेकरांना ९८च लिहू द्या : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

यंदाच्या तपासणीत सातवीच्या लेकरांच्या वहीतला ९८ हा आकडा लाल शाईने खोडला गेला. वर १०० लिहिलं गेलं आणि बाजूला शेरा आला : निरीक्षण चूक. प्रयोग होता पाण्याचा उत्कलनबिंदू मोजण्याचा. चूक लेकरांची नव्हती. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच आहे, लातूर त्याहून थोडं वर. उंची दर ३०० मीटरने वाढली की हवेचा दाब उतरतो आणि पाणी साधारण १ अंश आधी उकळतं. त्यामुळे आमच्याकडे ९८ हेच बरोबर उत्तर. गोदाकाठच्या नांदेडला ९९च्या जवळपास येईल. १०० यायला समुद्राकाठी जावं लागेल, आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही.

ज्या मुलीने तीनदा मोजून ९८ लिहिलं, तिला आपण त्या दिवशी काय शिकवलं? डोळ्यांनी दिसतं ते लिहायचं नाही, पुस्तकात आहे ते लिहायचं. हे पत्र त्या लाल रेघेमुळे लिहितो आहे.

दुसरं कारण शाळेला आलेली विज्ञान साहित्याची पेटी. गेल्या वर्षी सांगितलं होतं की सहावी ते आठवीच्या प्रत्येक वर्गाला ऊर्जा आणि द्रव्य हे घटक हाताने करून शिकता येतील एवढं साहित्य मिळेल. जुलैत पेटी आली ती शाळेला एक. पोचपावतीवर सही आधी, पेटी उघडणं नंतर. आत काचेची चंचुपात्रं होती, त्यातली दोन तडकलेली. स्पिरिटचा दिवा होता, वात नव्हती. तापमापी ५० अंशांपर्यंतची, म्हणजे तिने उकळतं पाणी मोजताच येत नाही. आणि तराजू नाही! द्रव्य शिकवायचं आणि वजन करायला काही द्यायचं नाही, हे कुठल्या तज्ज्ञाने ठरवलं? गुत्तेदाराला बिल मिळालं असेल. लेकरांना काय मिळालं, ते विचारायला कुणी आलं नाही.

साहेब, हे घटक कसे शिकवायचे ते आम्हाला माहीत आहे. काय लागतं आणि कुठे चुकतं, तेही सांगतो. हे पत्र आपल्या टेबलावरून खाली ज्यांच्याकडे जाईल त्यांनी निदान वाचावं.

द्रव्य अक्षय्यतेचा नियम घ्या, म्हणजे द्रव्य नाहीसं होत नाही, फक्त रूप बदलतं. प्रशिक्षणात दाखवतात की बाटलीत व्हिनेगर घ्या, तोंडावर खाण्याचा सोडा भरलेला फुगा बसवा, सोडा आत पाडा, फुगा फुगतो, वजन तेवढंच राहतं. करून बघा, तेवढं राहत नाही. फुगा जवळपास लिटरभर फुगला तर तो तेवढी हवा बाजूला सारतो. लिटरभर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम, आणि तेवढ्याने तराजू कमी दाखवतो. विहिरीत बादली हलकी लागते त्यातलाच हा प्रकार. पण लेकरं म्हणतात, द्रव्य नाहीसं झालं. नियम शिकवायला घेतलेला प्रयोगच नियमाच्या उलट साक्ष देतो.

त्यापेक्षा ६०० मिलीची थंडपेयाची रिकामी बाटली घ्यावी. ती दाबाला टिकते, पाण्याची पातळ बाटली चालणार नाही आणि काचेची तर मुळीच नको. तिच्यात ५० मिली व्हिनेगर घालावं. २ ग्रॅम सोडा पातळ कागदात गुंडाळून आत टाकावा आणि झाकण लगेच घट्ट लावावं. कागद भिजेपर्यंत दहा-पंधरा सेकंद मिळतात, तेवढ्यात झाकण बसलं पाहिजे. वजन आधी आणि नंतर, दोन्ही वेळा झाकण आणि सोड्याच्या पुडीसकट करायचं. ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर आकडा हलत नाही. मग झाकण सैल केलं की फस्स आवाज येतो आणि पाऊण ग्रॅमच्या आसपास वजन उतरतं. जो वायू दिसत नव्हता त्याला वजन आहे हे लेकरांच्या समोर येतं, आणि त्यानंतर नियम पाठ करून घ्यावा लागत नाही. सोडा २ ग्रॅमच्या वर नेऊ नये. बाटलीचं अंग बाहेरून कोरडं पुसावं. ओलसर राहिली तर पाणी उडत जातं, आकडा घसरतो आणि सगळा वर्ग भलत्या वादात पडतो.

उष्णता आणि बाष्पीभवनासाठी तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यासारखी प्रयोगशाळा नाही. दोन तापमापी शेजारी टांगायच्या, एकीच्या फुग्यावर सुती चिंधी गुंडाळून ती ओली करायची आणि वहीने वारा घालायचा. मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत अकराच्या सुमाराला १० अंशांहून जास्त फरक मिळतो. हेच ऑगस्टमध्ये, आभाळ भरलेलं असताना केलं तर दोन-चार अंशांवर अडतं. माठ उन्हाळ्यात गार का आणि पावसाळ्यात का नाही, हे दोन आकडे शेजारी ठेवले की लेकरू स्वतः सांगतं. एक चूक मात्र सगळीकडे होते. चिंधी माठातल्या गार पाण्याने भिजवतात, मग पोरं म्हणतात पाणीच गार होतं. ते पाणी तासभर त्याच खोलीत उघडं ठेवलेलं असावं.

तापमापी वापरण्याआधी किसलेल्या बर्फात ती शून्य दाखवते का ते बघून घ्यावं. स्वस्त तापमापीत एक-दीड अंशाची चूक सर्रास असते. तापमापीतल्या द्रवाची लाल रेघ मध्येच तुटलेली असेल तर बर्फ-मिठाच्या मिश्रणात ठेवावी, द्रव फुग्यात उतरून परत जुळतो. ताप बघायची तापमापी याला वापरू नये, ती ४२ अंशांच्या पुढे जात नाही.

ऊर्जेसाठी शेंगदाणा. अर्ध्या ग्रॅमचा दाणा सुईवर टोचायचा, सुई बुचात रोवायची, वर छोट्या डब्यात ५० मिली पाणी ठेवायचं आणि दाणा पेटवायचा. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे साधारण ५६७ किलोकॅलरी ऊर्जा असते. सगळी पाण्यात उतरली असती तर तापमान जवळपास ५७ अंशांनी वाढलं असतं. वाढतं १५ ते २० अंशांनी. खरा धडा इथून सुरू होतो. उरलेली कुठे गेली? काजळीत, तापलेल्या डब्यात, आणि सर्वांत जास्त वाऱ्यात. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून भोवती आडोसा केला की आकडा लगेच वर सरकतो. लेकरं आपणहून आडोसे बदलत बसतात, कुणी करडईचं बी लावून बघतं. ओढणी बांधलेली, केस मागे, शेजारी वाळूची बादली, एवढी शिस्त पाळली की भीतीचं काही नाही.

गतीची उष्णता होते हे दाखवायला मीटरभर पीव्हीसी नळी, दोन बुचं आणि बेअरिंगचे अर्धा किलो छर्रे पुरतात. नळी झटक्यात उलटी करायची, १०० वेळा. हिशोबाने तापमान २ अंशांच्या आसपास वाढायला हवं, तापमापीवर एक-दीड दिसतं. सावकाश उलटली तर छर्रे पडत नाहीत, घसरतात. आणि छर्रे साचतात त्या टोकाला धरलं तर हाताचीच ऊब मोजली जाते. नळी मधोमध धरावी.

परळीचं औष्णिक केंद्र २०१५च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद पडलं होतं. कोळसा असताना वीज का थांबली, हा आठवीचा प्रश्न आहे. वाफ परत पाणी करायला थंडावा लागतो, तो तिथे पाण्यानेच मिळतो. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. द्रव्य आणि ऊर्जा आमच्या लेकरांच्या घरात येऊन बसलेली आहेत. पुस्तकातलं चित्र मात्र भलत्याच गावचं.

या सगळ्या साहित्याला शाळेमागे तीन हजार रुपयेसुद्धा लागत नाहीत. तराजू, चार तापमापी, प्लास्टिकची मोजपात्रं; बाकी सगळं मोंढ्यात आणि सायकलच्या दुकानात मिळतं. निकषाप्रमाणे ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजारांचं संयुक्त अनुदान आहे. ते हाती येतं तेव्हा वर्ष सरत आलेलं असतं, आणि वीजबिल, रंग, डागडुजी यात संपतं. वर डेडस्टॉकची, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीची भीती. चंचुपात्र फुटलं तर वसुली कुणाकडून, या धाकाने कित्येक शाळांची कपाटं कुलूपबंद आहेत. काच फुटणारच. फुटू द्यायची नसेल तर विज्ञान शिकवायचं नाही असं लेखी कळवा.

२०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अनुभवातून शिक्षण म्हणतं. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबादच्या कार्यक्रमात १९७२पासून सरकारी शाळांतली मुलं स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकली, परीक्षेत वही उघडी ठेवून उत्तरं लिहिली. २००२ मध्ये सरकारनेच तो बंद केला. जे चालतं ते बंद होतं आणि पेट्या येत राहतात. आम्ही मतदार याद्या करायच्या, सर्वेक्षणं करायची, प्रयोगाआधी फोटो लिंकवर टाकायचा, आणि वीसच्या आत पट गेला की शाळाच समूह शाळेत घालायच्या गोष्टी ऐकायच्या. मग शिकवायचं कधी?

मागणं थोडं आहे. पेट्या बंद करा, शाळेला जूनमध्येच रोख द्या, खरेदी आम्ही करू. फुटतुटीसाठी दरवर्षी खरेदीचा दहावा हिस्सा विनाचौकशी निर्लेखित करू द्या, म्हणजे नोंदवहीतून वजा करू द्या. प्रशिक्षण पडद्यावर नको, प्रत्येक शिक्षकाच्या हातात तराजू देऊन हवं. आणि येत्या वार्षिक परीक्षेत एक प्रश्न घाला : तुमच्या गावात पाणी किती अंशांवर उकळलं आणि ते तुम्ही कसं मोजलं? उत्तरसूचीत आकडा छापू नका. ती जागा कोरी ठेवा.

आपला,
सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणारा एक शिक्षक, मराठवाडा