टाळ्या कधी वाजवायच्या तेही लिहून दिलेलं!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला 'हॅपनिंग'वरचा, म्हणजे चित्र-शिल्पाऐवजी माणसांच्या प्रत्यक्ष कृतींतून घडणाऱ्या कलाप्रकारावरचा लेख वाचला, विषय घेतलात त्याबद्दल थँक्स, पण लेखाचा सगळा सूर असा की हॅपनिंग म्हणजे मनाला येईल ते करायचं, तालीम नाही की काही नाही, चार टाळकी जमली आणि धिंगाणा घातला की झालं. हे काही पटलं नाही बुवा.

ज्यावरून हे नाव रुळलं ते अमेरिकन कलाकार ॲलन कॅप्रोचं '१८ हॅपनिंग्ज इन ६ पार्ट्स'च घ्या ना. ऑक्टोबर १९५९, न्यूयॉर्कची रूबेन गॅलरी. प्लॅस्टिक लावून तीन खोल्या पाडलेल्या, येणाऱ्याच्या हातात कार्ड, कुठल्या भागाला कुठल्या खोलीत बसायचं ते त्यावर, बेल वाजली की सुरू आणि बेल वाजली की बंद. कोणी संत्री पिळतंय, कोणी रंग लावतंय, आणि तिन्हीकडे एकदमच चालू असल्यामुळे सगळं कोणालाच बघायला मिळत नाही. दरवेळी टाळ्या नकोत, सहाव्या भागानंतर वाटलं तर वाजवा, हेसुद्धा छापून दिलेलं! तालमीही झालेल्या. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला याच्या निम्मी शिस्त असती तरी खूप झालं असतं.

मग वेगळं काय, तर बघ्यांना कामाला लावणं. १९६६ मध्ये कॅप्रोने लिहूनच टाकलं की प्रेक्षक हा प्रकारच नको. आणि पुढच्याच वर्षी पॅसाडीना आणि लॉस एंजेलिस भागात 'फ्लुइड्स' केलं, बर्फाच्या लाद्या रचून साधारण ३० फूट लांब, १० फूट रुंद, ८ फूट उंच अशा चार भिंती उभ्या करायच्या, दार नाही खिडकी नाही, आणि नंतर तसंच वितळायला सोडून द्यायचं. पोस्टरवर तिकिटाचा दर वगैरे नाही, भाग घ्यायचा असेल तर अमुक दिवशी रात्री साडेआठला म्युझियममध्ये मीटिंगला या, एवढंच. लाद्या उचलून ज्याचे हात बधिर झालेत त्याला प्रेक्षक कोण म्हणेल?

आणि तुम्ही लेखासोबत फोटो कसला छापलात, तर दोरीच्या अलीकडे पब्लिक मोबाइल वर करून उभी आणि पलीकडे कलाकार. हा शो झाला हो, चांगलाही असेल, पण हॅपनिंग नाही.

पुढच्या वेळी फोटोऐवजी 'फ्लुइड्स'च्या पोस्टरचा मजकूर मराठीत छापा, चार-सहा ओळींचाच आहे, जागाही कमी लागेल.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर